डोळा अधू झालेल्या कोंबडीला आधी तराजूवर ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घरामागे पाच कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. त्यातल्या दोन वर्षांच्या तांबड्या कोंबडीच्या डाव्या डोळ्यात दोन आठवड्यांपासून फूल पडल्यासारखं पांढुरकं दिसतंय. उजवा डोळा वरून ठीक वाटतो, पण ती दाण्याच्या शेजारी चोच मारते, बाकीच्यांवर आदळते आणि सकाळी खुराड्यातून सगळ्यात शेवटी बाहेर येते. टॉर्च मारला तर उजव्या डोळ्याची बाहुली आकसते. घरात उरलेले माणसाच्या डोळ्यांचे थेंब तुम्ही दोन दिवस घातलेत. आता विचारताय, हिला पुन्हा दिसेल का, आणि दिसणार नसेल तर हिला ठेवण्यात काही अर्थ आहे का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, म्हणून ते आधी. आहे, नक्की आहे. एका डोळ्याने अधू कोंबडी कळपातच राहून वर्षानुवर्षं जगते. दोन्ही डोळे गेलेलीही जगते, फक्त तिचं घर वेगळं मांडावं लागतं. मी बावीस वर्षं कोंबड्या पाळतोय, त्यात अशा सात-आठ सांभाळल्या. पहिल्या प्रश्नाचं उत्तर कारणावर अवलंबून आहे, आणि ते कारण लांबून वर्णन वाचून कुणी ठामपणे सांगत असेल तर त्याचं ऐकू नका, माझंसुद्धा. पण मला तातडीचा वाटतो तो तुम्ही न विचारलेला तिसरा प्रश्न. रोज तिच्या पोटात जातंय किती?

हे विचारायला मला माझ्या पहिल्या आंधळ्या कोंबडीने शिकवलं. कोंबड्यांच्या देवीच्या साथीत तिच्या चारही पापण्यांवर खपल्या धरल्या होत्या. खपल्या गळाल्या तेव्हा आतले डोळे कामातून गेले होते. मी तिला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलं आणि समोर स्टीलची वाटी भरून ठेवली. दिवसभर टक-टक आवाज यायचा. वाटायचं, खातेय बिचारी. बाराव्या दिवशी सहज उचलली तर हातात नुसती पिसं. छातीचं मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं बोटाला लागलं. मग तिच्यासमोर बसून नीट पाहिलं. चोच बसत होती ती वाटीच्या काठावर. दहा वेळा मारली तर जेमतेम दोनदा दाणा हाती लागायचा, आणि काठावर आपटून चोच दुखली की ती मान आखडून गप्प उभी राहायची. ती वाचली नाही. भरल्या वाटीसमोर उपाशी मेली, आणि मी रोज तिच्या शेजारून जात होतो.

कोंबडी पिसांमुळे वरून कायम गुबगुबीतच दिसते, म्हणून डोळ्यांवर विसंबू नका, तराजूवर विसंबा. स्वयंपाकघरातला काटा चालतो. रिकामी बादली ठेवून काटा शून्यावर आणा, कोंबडी बादलीत बसवा, वर फडकं टाका. अंधार झाला की ती हलत नाही. सकाळी खाद्य देण्याआधी वजन घ्यायचं आणि लिहून ठेवायचं. सुरुवातीला दर तीन दिवसांनी, स्थिर झालं की आठवड्याला. दोन किलोची कोंबडी पंधरा दिवसांत दोनशे ग्रॅमने उतरली तर ती धोक्याची खूण समजा. शिवाय रोज संध्याकाळी, ती खुराड्यात शिरायच्या वेळी, मानेच्या बुडाशी उजव्या अंगाला हात लावा. तिथे अन्नपिशवी असते. दिवसभर नीट खाल्लेलं असेल तर ती लिंबापेक्षा मोठी, भरलेली लागते आणि सकाळपर्यंत रिकामी होते. संध्याकाळीच रिकामी लागली तर कोंबडी उपाशी झोपतेय. पिशवी सकाळीही भरलेली आणि टणक लागली तर तो निराळाच आजार आहे, त्याची या प्रश्नात सरमिसळ नको.

आता दिसण्याकडे वळू. कोंबडीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. दोन्ही मिळून तिला जवळजवळ ३०० अंशांचं दिसतं, पण त्यातला बहुतेक भाग एकेकट्या डोळ्याचा असतो. समोर, चोचीच्या पुढे, दोन्ही डोळ्यांचं दिसणं एकमेकांवर येतं ती पट्टी अगदी अरुंद. दाणा किती लांब आहे याचा अंदाज येतो तो मुख्यतः तिथे. त्यामुळे एक डोळा गेला की दोन गोष्टी जातात, त्या बाजूचं जग आणि नेम. म्हणजे तुमची कोंबडी दाण्याच्या शेजारी चोच मारते यावरून उजवा डोळाही गेलाय असं ठरत नाही. नुसता डावा गेला तरी हे होणारच. माझ्या अनुभवात अशी कोंबडी दोन-तीन आठवड्यांत मान किंचित तिरकी करून नेम धरायला शिकते. त्याऐवजी हे बघा की ती आदळते कोणत्या बाजूने. फक्त डावीकडे आदळत असेल तर एका डोळ्याचं प्रकरण आहे. उजवीकडूनही आदळत असेल तर दुसऱ्या डोळ्यातही काहीतरी चाललंय, आणि मग सगळाच हिशेब बदलतो.

खात्री करून घ्यायची एक सोपी रीत आहे. भर दिवसा, सावलीत, तिला टेबलावर उभी करा आणि दोन मिनिटं शांत होऊ द्या. एका डोळ्यासमोर तळहाताची ओंजळ आडवी धरा, डोळ्याला न टेकवता. दुसऱ्या बाजूने साधारण फूटभर अंतरावरून कापसाचा बोळा खाली सोडा. कापूस आवाज करत नाही, वाराही घालत नाही. दिसत असेल तर ती मान झटकन वळवते. हात हलवून बघू नका, हाताचा वारा पिसांना लागतो आणि आंधळी कोंबडीही दचकते. मग आपण उगाच खूश होतो. हे संध्याकाळीही करू नका. कोंबड्या जन्मतःच रातांधळ्या, उजेड उतरला की धडधाकट कोंबडीही या परीक्षेत नापास होते.

टॉर्चबद्दल. माणसाची बाहुली आपोआप आकसते, तिच्यावर आपला ताबा नसतो. पक्ष्यांच्या बाहुलीचे स्नायू वेगळ्या प्रकारचे असतात, त्यांच्यावर पक्ष्याचा स्वतःचा ताबा चालतो. चिडलेला किंवा घाबरलेला पक्षी उजेडाशी संबंध नसतानाही बाहुली लहानमोठी करतो. त्यामुळे टॉर्चला बाहुली आकसली यावरून त्या डोळ्याला स्पष्ट दिसतंच असं म्हणता येत नाही, आणि नाही आकसली म्हणून तो आंधळा असंही नाही. टॉर्चचा खरा उपयोग वेगळा. तो बाजूने, तिरका धरा आणि पांढरं नेमकं कुठे आहे ते बघा. डोळ्याच्या वरच्या काचेवर धुकं धरल्यासारखं असेल तर बहुधा चोच लागली आहे, खरचटलंय किंवा संसर्ग आहे. वरची काच स्वच्छ आणि पांढरं आत, बाहुलीच्या मागे असेल तर मोतीबिंदू. पहिल्या प्रकारात वेळेत उपचार झाले तर बरंच काही परत मिळू शकतं. दुसऱ्यात दिसणं परत येईल ही आशा मी धरत नाही.

कारणांची यादी लांब आहे. मी कुठल्या क्रमाने बघतो ते सांगतो. आधी वास. खुराड्यात गुडघ्यांवर बसून, नाक कोंबडीच्या उंचीला आणून मिनिटभर श्वास घ्या. उभ्याने येत नाही तो वास खाली येतो. नाकाला झोंबलं तर ओल्या विष्ठेतला अमोनिया आहे, आणि तो डोळ्याची काच जाळतो. यात सहसा दोन्ही डोळे आणि एकापेक्षा जास्त कोंबड्या सापडतात. मग सूज आणि स्राव. डोळ्याच्या कोपऱ्यात साबणासारखा फेस, शिंका, घरघर असेल तर मायकोप्लाझ्मासारखा श्वासाचा आजार. तोंड सुजलं आणि घाण वास आला तर कोरायझा, म्हणजे कोंबड्यांची संसर्गजन्य सर्दी. पापणीखाली पनीरसारखा घट्ट पांढरा गोळा साचला असेल तर संसर्ग किंवा अ जीवनसत्त्वाची कमतरता. महिनोन्‌महिने नुसत्या दाण्यावर असलेल्या कोंबड्यांत ही कमतरता येते. तो गोळा नखाने किंवा चिमट्याने उपटू नका, खालची कातडी सोलून निघते. खुराड्यात झुरळं फार असतील तर तिसऱ्या पापणीखाली बारीक पांढरे जंत आहेत का बघायला सांगा. डोळ्यात राहणारा एक जंत झुरळ खाण्यातून कोंबडीत येतो.

आणि मरेक्स. यात डोळ्याचा रंगीत भाग करडा पडतो आणि बाहुलीची गोल कड कुरतडल्यासारखी वेडीवाकडी होते. हा विषाणूचा आजार आहे, त्यावर औषध नाही. लस असते ती पिल्लू अंड्यातून निघाल्यावर पहिल्याच दिवशी द्यायची. बहुतेक वेळा तो तलंगांत, म्हणजे काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंतच्या वयात दिसतो. तुमची दोन वर्षांची आहे, म्हणून माझ्या यादीत तो खाली. पण यादीबाहेर नाही. एका पायाने लंगडणं किंवा एक पंख लोंबणं सोबत असेल तर लगेच वर येतो.

एक अपवाद आहे. एकापेक्षा जास्त कोंबड्यांची तोंडं किंवा तुरे अचानक सुजले, निळे-काळे पडले, किंवा पटापट मरायला लागल्या, तर हे सगळं बाजूला ठेवा. हात लावू नका, कुठे हलवू नका, पशुवैद्यकीय खात्याला कळवा. बर्ड फ्लू आणि मानमोडी या घरगुती निदानाच्या गोष्टी नाहीत.

ते माणसाचे थेंब आज थांबवा. बाटलीवरची नावं वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन असं काही असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. काचेवर जखम असताना स्टेरॉइड घातलं तर ती भरत नाही, कधी कधी आरपार जाते. पशुवैद्य डोळ्यात एक रंगाचा थेंब घालतात, निळ्या प्रकाशात जखम हिरवी चमकते. ते बघितल्याशिवाय स्टेरॉइड घालायचं की नाही हे ठरवता येत नाही. तोवर तुम्ही निर्धोकपणे करू शकता ते एवढंच, की सलाइनच्या पाण्याने डोळा धुणं. तयार मिळतं ते उत्तम. घरी करायचं तर एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, वजन करून; चमच्याच्या अंदाजाने नको. दिवसातून दोनदा, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस, आधी चांगला डोळा आणि मग आजारी. पशुवैद्यांनी अँटिबायोटिक दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत हे त्यांना त्याच वेळी विचारून घ्या. हे विचारायचं बहुतेक जण विसरतात.

एवढं झालं की खरी मेहनत सुरू होते, ती भांड्याची.

तुम्ही अंगणात दाणे फेकून खायला घालता असं लिहिलंय. बाकीच्यांसाठी ठीक, हिच्यासाठी ते बंद. फेकलेला एकेक दाणा टिपायला नेम लागतो, आणि तोच गेलाय. हिला हवं जड, बसकं, रुंद भांडं. वीतभर रुंद, चार बोटं खोल, मातीचं किंवा जाड प्लास्टिकचं. धातूचं नको, माझ्या पहिल्या कोंबडीची गोष्ट आठवा. ते काठोकाठ नाही तरी किमान दोन इंच भरलेलं ठेवा. मग चोच कुठेही पडली तरी खाद्यातच पडते, नेमाची गरजच उरत नाही. दाण्यांपेक्षा तयार लेअर खाद्य, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य बरं, त्यातही क्रंबल, म्हणजे भरड चुऱ्यासारखं. थोडं पाणी शिंपडून ओलसर केलं तर चोचीला चिकटतं आणि पहिल्या दिवसांत फार उपयोगी पडतं, पण ते दोन-तीन तासांत काढून टाकायचं, आंबतं. मध्यम आकाराची अंड्यावरची कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाते आणि त्याच्या साधारण दुप्पट पाणी पिते, उन्हाळ्यात आणखी जास्त. सकाळी मोजून घाला, रात्री उरलेलं मोजा. सांडलेलंही धरा, नाहीतर हिशेब फसवतो.

पाणी खाद्यापासून हातभर अंतरावर, कायम त्याच बाजूला. माझ्याकडे खाद्य आणि पाणी यांच्यामध्ये एक वीट पुरलेली असते. आता आहे ती कोंबडी, दोन्ही डोळ्यांनी आंधळी, भिंतीच्या कडेने येते, चोचीने विटेवर दोनदा ठोकते, मग उजवीकडे वळली की खाद्य आणि डावीकडे वळली की पाणी. हे तिला मी शिकवलेलं नाही. मी फक्त तीन वर्षं वीट हलवली नाही.

शिकवलं ते एवढंच. पहिले चार-पाच दिवस भांड्यात नखाने टिकटिक वाजवायचं, एकाच तालात. आई कोंबडी पिल्लांना अशीच चोच आपटून बोलावते, त्यामुळे तो आवाज त्यांच्या रक्तातच असतो. ती जवळ आली की चोच अलगद खाद्याला लावायची, मग पाण्याला. डोकं पाण्यात दाबू नका, घाबरली तर पुढे भांड्याजवळच येणार नाही. दिवसातून तीन-चार वेळा हे केलं की आठवड्याच्या आत बहुतेक जमतं. नाही जमलं तर हाताने भरवावं लागतं, आणि ते किती दिवस चालवायचं हे प्रत्येकाने आपापल्या सवडीप्रमाणे ठरवायचं.

कळपाचं काय? इथे लोक दोन टोकं गाठतात. एक तर तिला सगळ्यांत तसंच सोडतात, नाहीतर पार एकटी कोंडतात. कळपात मार बसतो तो फक्त दुबळी म्हणून नव्हे. वरची कोंबडी मान ताणून अंगावर आली की खालचीने बाजूला व्हायचं, हा त्यांचा रिवाज. हिला ती दिसतच नाही, म्हणून ही हलत नाही. समोरचीला तो उद्धटपणा वाटतो आणि ती टोचते. उलट पूर्ण वेगळी ठेवली तर दोन-तीन आठवड्यांत बाकीच्या तिला परकी समजू लागतात, आणि परत सोडली की नव्याने मारामारी. म्हणून मी मधला मार्ग धरतो. त्याच खुराड्यात जाळी लावून एक कोपरा तिचा करायचा. तिला सगळ्यांचे आवाज येतात, तीही त्यांच्या नजरेसमोर राहते. सोबतीला कळपातली सगळ्यात शांत, सगळ्यात खालच्या क्रमाची एक कोंबडी. बाकीच्यांचं पोट भरल्यावर, दुपारी, तासभर जाळी उघडायची आणि आपण तिथे बसायचं. कोंबडा मात्र तिच्यापासून लांबच. तो पाठीवर चढणार हे तिला आधी कळत नाही, आणि नखांनी पाठ फाटते.

रात्रीच्या बसायच्या दांडीचं बघा. चढताना अडचण कमी, उतरताना जास्त. अंदाज चुकून पडली की पाय दुखावतो, तळव्याला गाठ येते. दांडी जमिनीपासून वीतभर उंचीची ठेवा, किंवा काढूनच टाका आणि खाली भुशाची जाड गादी करा. अंडी घालायची पेटीही जमिनीवर, पुढचा काठ बुटका. तिच्याकडे जाताना आधी बोला, मग हात लावा, तोही उजवीकडून. मी शीळ घालतो, घरचे हसतात.

आंधळी कोंबडी उकरते कमी आणि धुळीत लोळते कमी. त्याचे परिणाम महिन्याभराने दिसतात. नखं वाढतात, चोचीचं टोक लांबतं, शेपटीखाली उवा होतात. तिच्या कोपऱ्यात राख-माती भरलेली एक टोपली आणि घासायला खरबरीत दगड ठेवा, आणि वजन घेताना पिसं उलटवून कातडी बघत जा.

अंड्यांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पुढचा प्रश्न तोच असतो. दिसेनाशी झाली म्हणून अंडी थांबत नाहीत. पक्ष्यांना दिवस लांबला की आखूड झाला हे डोळ्यांशिवायही कळतं. उजेड कवटीतून आत झिरपतो आणि मेंदूतल्याच पेशी तो टिपतात. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात, ते इथे जरा वेगळ्या अर्थाने खरं आहे. अंडी थांबली तर आधी वजनाची वही उघडा.

थांबायचं कधी, हेही सांगायला हवं. डोळा सुजून बाहेर आलाय, ती सारखा तो पायाने किंवा खांद्यावर घासतेय, म्हणजे दुखतंय. पशुवैद्य असा डोळा काढून टाकू शकतात आणि कोंबडी त्यातून सावरते. पण हाताने भरवूनही वजन उतरतच राहिलं, पंख विस्कटून दिवसभर कोपऱ्यात उभी राहिली, आवाजाला मान वळवेनाशी झाली, तर मी पशुवैद्यांना बोलावून तिला शांतपणे जाऊ देतो. दोनदा तसं केलंय. शेजारी-पाजारी पहिल्याच दिवशी कापायचा सल्ला देतात, तो मात्र मनावर घेऊ नका.

पुन्हा लिहाल तेव्हा तीन गोष्टी कळवा. आजचं आणि तीन दिवसांनंतरचं वजन. पांढरं वरच्या काचेवर आहे की बाहुलीच्या आत. आणि कापसाचा बोळा उजव्या डोळ्याला दिसला का.